कुणाकडून आलं?

सिल्वासा

चि. छकुली,



तुझ्या बाळराजांचा जनुकीय रिपोर्ट वाचला. तो आल्यापासून तुझ्या सासूबाई एकच विचारताहेत, ‘हे कुणाकडून आलं?’ तूही मला तेच विचारलंस, फक्त रडत. फोनवर मी ‘होईल सगळं नीट’ म्हणून वेळ मारून नेली. जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलेल्या बाईने भाचीला इतकं मोघम बोलावं हे काही बरं नाही, म्हणून हे पत्र. तू हो म्हणालीस म्हणून नावगाव गाळून छापायलाही देते आहे. हा प्रश्न काही फक्त तुमच्याच घरात विचारला जात नाही.

उत्तर आधीच देऊन टाकते. तुझ्याकडून आलं. तुला ते दादाकडून, म्हणजे तुझ्या बाबांकडून आलं असणार, दादाला आबांकडून, म्हणजे आमच्या वडिलांकडून. आणि यात कुणाचाही काडीचा दोष नाही. पहिलं गाळून फक्त हे शेवटचं वाक्य सांगणारे तुला पुष्कळ भेटतील, पण पहिलं लपवलं की शेवटचंही खोटं वाटायला लागतं. म्हणून दोन्ही सांगते, आणि जरा सविस्तर.

आपल्याकडे गुडघे दुखले की कॅल्शियम कमी, केस गळले तरी कॅल्शियम कमी. आमच्या सोसायटीत चाळिशीपुढची एक बाई दाखव जिच्या पर्समध्ये त्या गोळ्यांची पट्टी नाही. पण रक्तातलं कॅल्शियम खरोखर खाली जाणं ही निराळीच गोष्ट आहे. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण किलोभर कॅल्शियम असतं आणि त्यातलं ९९ टक्के हाडा-दातांत. रक्तात असतं ते अगदीच थोडं, १०० मिलिलिटरमागे साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅम. त्यातलंही जवळजवळ निम्मं अल्ब्युमिन वगैरेंना चिकटलेलं. कामाचं असतं ते मोकळं उरलेलं निम्मं. एवढ्याशा पातळीसाठी शरीर हाडांनाही कात्री लावायला कमी करत नाही. म्हणून हाडं ठिसूळ झालेल्या म्हातारीच्या रक्तातलं कॅल्शियम बहुधा व्यवस्थित असतं, आणि धडधाकट दिसणाऱ्या तुझ्या सात वर्षांच्या पोराचं ६.२ निघतं.

हा धडा शिकवताना वर्गातलं एखादं हुशार पोरगं हटकून अडवायचं. ‘बाई, स्नायू आखडायला कॅल्शियम लागतं ना? मग ते कमी झाल्यावर स्नायू ढिले पडायला हवेत. पेटके कसे येतात?’ प्रश्न बिनतोड आहे. स्नायूला आकुंचनासाठी लागणारं कॅल्शियम त्याच्या पेशीच्या आतच साठवलेलं असतं. रक्तातलं कॅल्शियम दुसरंच काम करतं. मज्जातंतूच्या पडद्याबाहेर त्याचे धन भाराचे कण असतात, आणि ते पुरेसे असतात तोवर सोडियमच्या वाहिन्या सहजासहजी उघडत नाहीत. ते घटले की मज्जातंतू हुळहुळे होतात आणि विनाकारण संदेश पाठवू लागतात. आधी ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. मग हाताचा पंजा आखडतो, अंगठा आत वळतो. कधी घशातले स्नायू आवळले जातात. मेंदूतल्या पेशींचंही तसंच झालं तर फिट येते. हृदयाच्या आलेखात क्यूटी नावाचं अंतर लांबतं, ते वेगळंच.

बाळराजांना फिट आली तेव्हा प्रथम ज्यांना दाखवलंत त्यांनी एपिलेप्सीचं औषध सुरू केलं. त्या डॉक्टरांवर तू फार चिडली आहेस. चीड, पण थोडी कमी चीड. फिट आलेल्या मुलात साखर आणि कॅल्शियम बघायचं हे पुस्तकात असतं, धावपळीत राहून जातं. देशभरातल्या कितीतरी रुग्णांची वर्षं अशी मिरगीच्या गोळ्यांवर गेली आहेत. शिवाय फेनिटोइन, फिनोबार्बिटोनसारखी औषधं यकृतात व्हिटॅमिन डीची मोडतोड वाढवतात, म्हणजे मुळात कमी असलेलं कॅल्शियम आणखी खाली. आणि गोळीपर्यंत पोचला तो तरी बरा म्हणायचा. आमच्या खानवेलकडच्या पाड्यांवर फिट म्हणजे आधी भगत, मग अंगारा, आणि सगळं थकल्यावर विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटल. ते भगताकडे जातात म्हणून हसायचा अधिकार आपल्याला नाही, का ते पुढे कळेल.

आता गळ्यातल्या त्या चार ग्रंथींकडे येऊ. पॅराथायरॉइड, प्रत्येकी जेमतेम ४० मिलिग्रॅमच्या. शरीरशास्त्राला त्या फार उशिरा दिसल्या, आणि पहिल्यांदा दिसल्या त्या माणसात नव्हे तर भारतातून लंडनच्या प्राणिसंग्रहालयात नेलेल्या एकशिंगी गेंड्यात. तो १८४९ मध्ये मेला आणि रिचर्ड ओवेनने त्याचं विच्छेदन केलं तेव्हा. माणसातल्या ग्रंथी स्वीडनमध्ये उप्साला इथे इवार सँडस्ट्रॉम या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने शोधल्या, १८८० मध्ये, आणि कुणी फारशी दखल घेतली नाही. त्या काळी थायरॉइड कापून काढलेले रुग्ण पेटके येऊन दगावत आणि कारण कळत नसे. मॅकॅलम आणि व्होग्टलिन यांनी १९०९ मध्ये दाखवलं, की या ग्रंथी काढलेल्या जनावरांना कॅल्शियम दिलं की पेटके थांबतात. मोठ्या माणसांत आजही या ग्रंथींचं काम बंद पडण्याचं सर्वांत मोठं कारण गळ्याचं ऑपरेशन हेच आहे.

या ग्रंथींच्या पेशींवर कॅल्शियम ओळखणारा एक ग्राही असतो. रक्तातलं कॅल्शियम किंचित घसरलं की ग्रंथी पॅराथायरॉइड हार्मोन, म्हणजे पीटीएच, सोडतात. ते काही मिनिटंच टिकतं, पण तेवढ्यात हाडांतून कॅल्शियम सोडवतं, मूत्रपिंडाला ‘कॅल्शियम राख, फॉस्फेट टाक’ म्हणून सांगतं आणि तिथेच व्हिटॅमिन डीचं रूपांतर कॅल्सिट्रायॉल या कामाच्या रूपात करवतं. मग आतडं अन्नातून जास्त कॅल्शियम शोषतं. या साखळीची कुठलीही कडी निखळली तरी पेटके तेच येतात. कुठली निखळली ते मात्र पेटक्यांवरून कळत नाही.

रिपोर्टमध्ये ‘आढळलं नाही’ म्हणून जी नावं आहेत त्यांना तू घाबरलीस, म्हणून थोडक्यात सांगते. २२व्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा गळालेला असला तर गर्भात या ग्रंथी नीट घडतच नाहीत, बरोबर हृदयाचे दोषही असू शकतात. तीनएक हजार ते सहा हजार जन्मांमागे एकात असं होतं. दुसरं नाव सीएएसआर, म्हणजे मघाचा तो ग्राही. त्याचं जनुक १९९३ मध्ये हाती लागलं. त्यातल्या काही बदलांनी ग्राही अतिसंवेदनशील होतो, कमी कॅल्शियमलाच ‘पुरे’ समजतो आणि ग्रंथी गप्प बसतात. अशा माणसाला कॅल्शियम भरभरून दिलं तर ते लघवीत उतरतं आणि मूत्रपिंडात साचतं. नावं एवढ्यासाठीच तपासायची, की उपचार बदलतो. मॅग्नेशियमही त्यासाठीच बघितलं. ते फार कमी असलं तर पीटीएच सुटत नाही आणि वरून कितीही कॅल्शियम दिलं तरी उपयोग होत नाही.

बाळराजांच्या रिपोर्टवरचं नाव जीएनएएस. आजाराचं नाव स्यूडोहायपोपॅराथायरॉइडिझम, प्रकार १ अ. एवढं लांब नाव ठेवणारे फुलर ऑलब्राइट, बोस्टनचे. १९४२ मध्ये त्यांनी असे रुग्ण नोंदवले ज्यांचं कॅल्शियम कमी, फॉस्फेट जास्त, म्हणजे ग्रंथी निकामी असल्यासारखं सगळं. पण ग्रंथींचा अर्क टोचूनही काही फरक पडेना. त्यांनी निष्कर्ष काढला की हार्मोनची उणीव नाही, अवयव त्याला दाद देत नाहीत. दारावरची घंटी वाजते आहे, वाजवणारा थकत नाही, पण आतलं कुणी उठत नाही. म्हणून बाळराजांचं पीटीएच कमी नाही, ते कितीतरी पट वाढलेलं आहे.

ऑलब्राइटनी याला एका कोंबड्याच्या जातीचं नाव दिलं होतं, सीब्राइट बँटम. या कोंबड्याला पिसारा कोंबडीसारखा असतो. त्यांना वाटलं, याच्यात नर हार्मोन आहे पण कातडी ते मानत नाही. पुढे कळलं की त्या कोंबड्याच्या कातडीत नर हार्मोनचं मादी हार्मोन बनवणारं एन्झाइमच जास्त असतं. म्हणजे आजाराबद्दलची कल्पना बरोबर आणि कोंबडा चुकीचा. विज्ञानात असंही चालतं.

पीटीएच मूत्रपिंडाच्या पेशीवर येऊन बसल्यावर तो संदेश आत नेणारं एक प्रथिन असतं, जी-प्रथिनांपैकी. या प्रथिनांच्या शोधाबद्दल गिलमन आणि रॉडबेल यांना १९९४ चं नोबेल मिळालं. त्यातल्या एका प्रथिनाचा आराखडा २०व्या गुणसूत्रावरच्या जीएनएएस जनुकात आहे. प्रत्येकाकडे त्याच्या दोन प्रती असतात, एक आईची आणि एक वडिलांची. बाळराजांची एक प्रत बिघडलेली आहे. एक धड असताना का अडावं, असं तुला वाटेल. बहुतेक अवयवांत दोन्ही प्रती चालतात. पण मूत्रपिंडाच्या ज्या भागात पीटीएच फॉस्फेट बाहेर टाकायला सांगतं, तिथे वडिलांकडची प्रत जवळजवळ मिटलेली असते. थायरॉइडमध्येही बरंचसं तसंच. तिथे चालते ती आईची प्रत. ती बिघडलेली असली की वडिलांची धड असूनही उपयोग नाही. आणि उलट, बिघडलेली प्रत वडिलांकडून आली असली तर मूत्रपिंडाला त्याचा पत्ताच लागत नाही, कारण ती तिथे तशीही मिटलेलीच होती. डेव्हिस आणि ह्यूज यांनी १९९३ मध्ये कुटुंबांच्या वंशावळी मांडून हेच दाखवलं. एकाच घरातला एकच बदल. आईमार्फत आला तर कॅल्शियम खाली, वडिलांमार्फत आला तर कॅल्शियम नॉर्मल.

आमच्या भागात आनुवंशिकता म्हटलं की लोकांना सिकलसेल आठवतो. इथल्या आदिवासी समाजात तो आहे, शाळाशाळांत रक्त तपासलं जातं, आणि दोघंही वाहक असतील तर मुलाला आजार होऊ शकतो हे आता पोराटोरांना पाठ आहे. तो हिशोब इथे लावू नकोस. इथे एकच बदललेली प्रत पुरते, आणि ती कुणाच्या हातून आली यावर सगळं अवलंबून. मेंडेलच्या वाटाण्यांना हे ठाऊक नव्हतं. मीही निवृत्त होईपर्यंत वाटाण्यांवरच थांबत होते, अभ्यासक्रम तेवढाच होता.

आता तुझी मूठ बघ. घट्ट वळ. चौथ्या बोटाच्या मुळाशी उंचवटा यायला हवा, तिथे खळगा आहे. दादाचाही तसाच आहे, माझाही, आबांचाही होता. आपल्या घरात आम्ही त्याला ‘घरची मूठ’ म्हणत असू आणि सिल्वासा मुक्त झाल्यावर जव्हारहून इथे मास्तर म्हणून आलेल्या आबांच्या बुटकेपणाला ‘घरची उंची’. तळहातातलं चौथं हाड आखूड राहिलं की असा खळगा पडतो. एरवी निरोगी माणसातही तो असू शकतो, टर्नर सिंड्रोममध्येही दिसतो, तेव्हा ट्रेनमध्ये लोकांच्या मुठी बघत बसू नकोस. पण आपल्या घरात त्याचा अर्थ आता उघड आहे. हाडांत दोन्ही प्रती लागतात, तिथे निम्मं प्रथिन कमी पडतं, म्हणून उंची आणि बोटं आखूड. कॅल्शियमला मात्र धक्का नाही. या नुसत्या ठेवणीलाही ऑलब्राइटनी नाव दिलं, स्यूडोस्यूडो, म्हणजे खोट्यातलं खोटं. त्यांना विनोदबुद्धी होती की नव्हती, मी ठरवू शकलेले नाही.

तुझ्या रक्तात बदल सापडला, पण तुझं कॅल्शियम आणि पीटीएच नॉर्मल आहे. यावरूनच कळतं की तुझी बदललेली प्रत वडिलांकडची. वहिनी यातून सुटल्या, त्यांना सांग, त्याही मनातल्या मनात स्वतःच्या माहेरची उजळणी करत असतील. दादाचं कॅल्शियमही चांगलं आहे, तेव्हा त्याची प्रत आबांची. आबांना एकदाही पेटके आले नाहीत, म्हणजे त्यांचीही बहुधा त्यांच्या वडिलांची. पणजोबांचा एकच फोटो आहे आणि त्यात त्यांचे हात उपरण्याखाली आहेत.

आबांना एक बहीण होती, त्यांच्याहून लहान, मूठ तीच. तिचा मुलगा आठव्या-नवव्या वर्षापासून फिट येऊन पडायचा. गोल चेहरा, बसका बांधा, पंचविशीतच डोळ्यांत मोतीबिंदू. घरच्यांनी भगत केला, नवस केले, आणि त्याला आयुष्यभर ‘मंद’ म्हटलं. कॅल्शियम वर्षानुवर्षं कमी आणि फॉस्फेट जास्त राहिलं की डोळ्याच्या भिंगात मोतीबिंदू होतो, मेंदूच्या आतल्या भागात क्षार साठतात. दिल्लीच्या एम्समध्ये पॅराथायरॉइड निकामी झालेल्या रुग्णांचे मेंदूचे स्कॅन पाहिले गेले तेव्हा सुमारे तीन-चतुर्थांश जणांत असे साठे दिसले होते. गेलेल्या माणसाचं निदान करू नये, आणि त्याच्या रक्ताचा एकही कागद आपल्याकडे नाही. पण ज्याला हे आईमार्फत आलं असेल असा मुलगा तोच एक होता. मला मूल नाही. असतं, तर तुझ्या सासूबाईंचा प्रश्न तीस-पस्तीस वर्षांपूर्वी मला विचारला गेला असता, आणि उत्तर देणारं कुणी नसतं.

तुझ्या सासूबाईंना हे कसं सांगायचं ते सांगते. ‘हो, माझ्याकडून आलं’ एवढं म्हण आणि त्यांना मूठ दाखव. मग सांग, की हीच प्रत जावईबापूंकडे असती आणि त्यांच्याकडून आली असती तर मुलगा थोडा बुटका झाला असता, बस्स. कुठली प्रत मिटायची हे बीजांड आणि शुक्रजंतू घडतानाच ठरतं, त्यात खाण्यापिण्याचा, ग्रहणात कापण्या-चिरण्याचा काही संबंध नाही. त्यांना पटेल असं नाही. पण निदान तुझा आवाज तरी कापणार नाही.

आता औषधांचं. पोराला पाव वाटी नागलीची पेज द्या म्हणून सासूबाईंनी सुचवलं, ते वाईट नाही. १०० ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आमच्याकडच्या वारली-कोकणा घरांत भाकरी तिचीच. पण धान्यातलं फायटेट त्यातलं बरंचसं शोषू देत नाही, आणि या आजारात अडचण खाण्याची नाहीच. शेजारीण म्हणाली तशी व्हिटॅमिन डीची साठ हजाराची पुडीही एकटी पुरणार नाही, कारण ते व्हिटॅमिन कामाच्या रूपात आणणारी पायरीच मूत्रपिंडाच्या त्या न ऐकणाऱ्या भागात आहे. म्हणून ती पायरी ओलांडून थेट कॅल्सिट्रायॉल दिलं आहे. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबरच दे. १२५० मिलिग्रॅमच्या गोळीत खरं कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम असतं, दुकानदार कुठला आकडा सांगतोय ते बघत जा. जेवणातलं फॉस्फेटही ती बांधून ठेवते. थायरॉइडचीही तीच अडचण म्हणून दिलेली थायरॉइडची गोळी मात्र पहाटे, उपाशीपोटी, आणि कॅल्शियमपासून चार तास लांब. एकत्र घेतल्या तर थायरॉइडची शोषली जात नाही, आणि टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणारं हार्मोन, वाढलेलं बघून डोस उगाच वाढवला जातो. कोला बंद. त्यात फॉस्फोरिक आम्ल असतं. दूध बंद करू नकोस, पण ‘आणखी एक पेला’ हा इलाजही करू नकोस, दुधात फॉस्फरसही भरपूर.

एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. मूत्रपिंडाच्या पुढच्या टप्प्यात, जिथे लघवीतून निसटणारं कॅल्शियम परत घेतलं जातं, तिथे दोन्ही प्रती चालतात आणि पीटीएच ऐकलं जातं. म्हणून ग्रंथी नसलेल्या रुग्णांइतकी मुतखड्याची भीती याला नाही. तरी वर्षातून एकदा सोनोग्राफी कर म्हणतील, ती कर. पीटीएच मात्र खाली ठेवायला हवं, नुसतं कॅल्शियम नॉर्मल आलं म्हणून गोळ्या कमी करायच्या नाहीत. हाडं ते हार्मोन ऐकतातच, आणि दिवसरात्र ऐकत राहिली तर झिजतात.

आमच्याकडे सुताच्या कारखान्यांत पाळ्या करणाऱ्या, दिवसा झोपणाऱ्या पोरांची कॅल्शियमची तक्रार बहुधा ऊन न मिळाल्याची असते. त्यांचंही पीटीएच वाढलेलंच येतं. म्हणून एखादा नवा डॉक्टर बाळराजांचं पीटीएच बघून ‘व्हिटॅमिन डी कमी, बाकी काही नाही’ म्हणाला तर फॉस्फरस दाखव. उन्हाअभावी असेल तर तो कमी किंवा नॉर्मल असतो. बाळराजांचा ७.८, म्हणजे वाढलेला आहे.

दुसऱ्या मुलाचं विचारलंस. प्रत्येक खेपेला शक्यता निम्मी. गर्भारपणात तपासणी होऊ शकते, आता नेमका बदल माहीत आहे म्हणून. जनुकीय समुपदेशन करणाऱ्यांकडे दोघं मिळून जा, सासूबाईंना नेऊ नका. मोठेपणी बाळराजांच्या मुलांत हे गेलं तर ती आपल्यासारखी बुटकी होतील. त्याच्या मुलींनी मात्र पुढे हे पत्र वाचलेलं असावं. तुझ्या धाकट्या बहिणीलाही वाचायला दे. तिच्या लग्नाचं बघताहेत आणि तिची मूठ मी नीट पाहिलेली नाही. रक्त द्यायचं की नाही हे तिचं तिने ठरवावं, दादाने नव्हे.

शाळेत वर्गशिक्षिकेला लेखी कळव, की तोंडाभोवती मुंग्या, हात आखडणं यातलं काही म्हणाला तर आधी तुला फोन, आणि फिट आली तर थेट हॉस्पिटल. चिठ्ठीवर आजाराचं नाव लिही आणि खाली ‘कॅल्शियम तपासा’ असं ठळक लिही, तिथे ड्यूटीवर कोण असेल सांगता येत नाही. पुढच्या रक्ततपासणीच्या फॉर्मवर कॅल्शियमबरोबर फॉस्फरस, अल्ब्युमिन, पीटीएच आणि टीएसएच सगळं लिहून घे. फॉस्फरस लिहायला विसरतात.

तुझी,
आत्या